चार टाळ्यांचा शब्द

गाम

आधी दार वाजलं. मग पायपुसण्यावर बूट आपटले, एकदा, दोनदा. मग काठी भिंतीला टेकली. आणि मग तो खोकला: कोरडा, अर्धवट, शेवटी 'हं' करून थांबणारा.

"आला," टोरबियोर्ग म्हणाली.

सहा नंबरच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. टोरबियोर्ग त्या वृद्धाश्रमाची मुख्य नर्स, साठीला टेकलेली, त्याच गावात जन्मलेली. मी तिची सहायक, मिरजेहून नॉर्वेला आलेली सुवार्ता रणपिसे. नोव्हेंबरातला सोमवार, दुपारचे दोन. टेबलावर मी इस्त्री केलेलं कापड घातलं होतं. टोरबियोर्गने वाफल भाजून आणले होते आणि कॉफीच्या थर्मासशेजारी कागदी झेंडा उभा केला होता. आस्लाक मास्तर आजपासून इथे राहायला येणार होते. वय शहाऐंशी. सप्टेंबरात घरात पडले, तेव्हापासून तीनदा विचारून झालं होतं आणि तीनदा त्यांनी 'नाही' म्हणून दार लावून घेतलं होतं. चौथ्या वेळी, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी केलेल्या माझ्या एका फोनवर ते हो म्हणाले.

मी वाफलची बशी हातात घेऊनच पॅसेजमध्ये धावले.

पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. बाहेरचं काचेचं दार बंद. पायपुसणं कोरडं. दारापलीकडच्या पायरीवर सकाळपासून पडलेला बर्फ परातीतल्या पिठासारखा होता, कुणी बोटही न लावलेला.

"टोरबियोर्ग, कोणी नाहीये."

"मग येईल." ती जागची हललीसुद्धा नाही. तिने मास्तरांचा कप भरला आणि वर बशी झाकली. "दहा मिनिटांत येईल."

"पण मी खोकला ऐकला."

"मीही ऐकला. वार्डोगेर आहे तो. काही माणसांचा आवाज त्यांच्या आधी पोचतो. बूट, दार, काठी, सगळं. मग दहा मिनिटांनी माणूस येतो." माझं तोंड बघून ती हसली. "अगं, घाबरतेस काय? माझी आजी आजोबांचा आवाज आला की बटाटे उकडत ठेवायची. बरोबर शिजायचे तेवढ्यात."

मी घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वाफल वातड झाले.

दोन वाजून वीस मिनिटांनी टॅक्सीवाल्याचा फोन आला. दीड वाजल्यापासून तो आस्लाकच्या दारात उभा होता. दाराला कुलूप. हाका मारल्या, खिडक्या वाजवल्या. काठी नाही, कोट नाही, माणूस नाही.

बाहेर उणे सात होतं.

ले

नाही. जोर चुकला. पुन्हा.

"पुन्हा" हा मास्तरांचा शब्द. वर्षभर रोज सकाळी आठ वाजता मी त्यांच्या घरी गोळ्या द्यायला जायची आणि रोज पाऊण तास जास्त थांबायची, कारण डिसेंबरात माझी तोंडी परीक्षा होती. ती पास झाले तर नर्सचा परवाना. नाही तर मिरजेत बारा वर्षं नर्स असलेली मी इथे आयुष्यभर उशा झटकत बसणार. मास्तर चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवत होते. त्यांना विद्यार्थी हवा होता, मला मास्तर हवे होते.

त्या देशात सगळे सगळ्यांना एकेरीच बोलतात. मीही तोंडाने त्यांना 'तू' म्हणायची. पण मनात ते कधी 'तुम्ही'च्या खाली उतरले नाहीत, म्हणून इथेही तसंच लिहिते.

शिकवण्याची रीत एकच. टेबलावर टाळी. शब्दात जितके तुकडे तितक्या टाळ्या, आणि ज्या तुकड्यावर जोर त्याची टाळी कप हलतील इतकी मोठी. मग शिसपेन्सिलीने वहीत शब्द लिहायचा आणि जोर असलेल्या तुकड्याच्या आधी एक छोटी उभी रेघ मारायची.

"आधी का? वर का नाही?" मी विचारलं होतं.

"जोर येतोय हे आधी कळलं पाहिजे. आल्यावर सांगून काय उपयोग?"

नॉर्वेजियन माणूस शब्दाला शब्द चिकटवून तिसरा शब्द करतो, आपल्या समासासारखा. चिकटवला की जोर पहिल्या तुकड्यावर जातो आणि उरलेले तुकडे मान खाली घालून त्याच्या मागे चालतात. माझी जीभ ऐकायची नाही. मी दोन्हींना सारखं वजन द्यायची, नाहीतर दुसऱ्याला जास्त.

"तू शब्द फाडतेस," मास्तर म्हणायचे.

"चिकटवते की. मध्ये थांबत पण नाही."

"थांबायची गरज नाही. जोर चुकला की शब्द फाटतो. आणि फाटला की आत जो बसलेला असतो तो बाहेर येतो."

हे त्यांनी हसत सांगितलं, आणि त्याला कारण मीच होते. लामेलोर म्हणजे कोकराची मांडी, खायची. जोर 'ला'वर. ईस्टरला मी मटणाच्या दुकानात जाऊन ऐटीत जोर 'लोर'वर दिला. त्याचा अर्थ झाला 'लुळ्या मांड्या'. "लुळ्या मांड्या दोन किलो द्या," असं मी म्हणाले. दुकानदाराने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, दवाखाना समोर आहे." मास्तर हे ऐकून इतके हसले की मला त्यांची नाडी बघावी लागली.

"तुमच्या भाषेत असं होत नाही?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

मी गोडतेलाचं सांगितलं. गोडतेल गोड नसतं. काळीआईचं सांगितलं. एका दमात म्हटलं तर ती शेतजमीन, तोडून म्हटलं तर कुणाच्या तरी रंगाबद्दल बोलल्यासारखं. त्यांनी दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले. मग माझं नाव टाळ्यांवर घेतलं. सु. वार. ता.

"हाही जोडशब्द?"

"हो. सु म्हणजे चांगली. वार्ता म्हणजे बातमी. निरोप."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "चांगला निरोप. मला कुणी सांगितलं नव्हतं."

फोटोत एक लाकडी घर होतं. डोंगराच्या अर्ध्यात, फळीवर ठेवल्यासारखं. ते त्यांचं लहानपणीचं घर. ते नऊ वर्षांचे असताना वरून बर्फाचा कडा कोसळला. घर राहिलं, गोठा गेला. गोठ्यात त्यांची धाकटी बहीण लिव होती, पाच वर्षांची. वसंतात सगळे खाली गावात राहायला आले. सामान उतरवताना आई म्हणाली, हे काही कायमचं नाही, निरोप येईपर्यंत.

"कुणाचा निरोप?"

"ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. बाप वाट बघत गेला. ती गेली. मोठा भाऊ गेला." त्यांनी माझ्याकडे कप सरकवला. "पी. गार होईल. दहा मिनिटांपूर्वीच ओतलीय."

तेही होतंच. मी दार वाजवण्याआधी माझा कप भरलेला असायचा. एखाद्या दिवशी बस चुकून मी अर्धा तास उशिरा आले तरी कॉफी तितकीच गरम. "तुला यायला वेळ लागला," ते म्हणायचे, "पण बूट मघाशीच ऐकू आले." मी मनात म्हणायची, म्हातारपण आहे, होतं असं.

हेइ

पुन्हा. आता पुढून.

टोरबियोर्ग गाडी चालवत होती. तिचा बचावपथकाला फोन करून झाला होता. ते शहरातून निघाले, पोचायला तास लागणार. तोवर आम्ही मास्तरांच्या घराकडे निघालो. शेजारीपाजारी, चर्च, दुकान, कुठेतरी असतीलच.

"आज तुझ्या बदली सकाळी गोळ्या द्यायला गेलेली मुलगी सांगत होती," टोरबियोर्ग म्हणाली, "म्हातारा खुशीत होता. बूट पॉलिश करत होता. दाढी केलेली. मला कळत नाही. गाडीचं सांगितलं होतंस ना, दीड वाजता येईल म्हणून?"

"सांगणार होते. त्याआधीच त्यांनी फोन ठेवला."

"ठेवला? चिडून?"

"नाही. आनंदाने."

टोरबियोर्गने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत रस्त्याकडे. "तीन महिने आम्ही सगळ्यांनी डोकं फोडलं. डॉक्टर येऊन गेला. आणि तुझ्या फोनवर तो आनंदाने हो म्हणाला."

मला त्या वेळी थोडा अभिमानच वाटला, खरं सांगते. शनिवारी संध्याकाळी आईला फोन करूनही मी हेच सांगितलं होतं. "माझं नॉर्वेजियन आता एवढं चांगलं झालंय आई, की म्हातारी माणसं ऐकतात." आई म्हणाली, "बघ, नावाला जागलीस गं बाई. देव बरं करो त्या म्हाताऱ्याचं."

"काय बोललीस ते सांग," टोरबियोर्ग म्हणाली. "अर्थ नको. शब्दन् शब्द. फोनवर बोललीस तसंच."

मी सांगितलं. तसंच्या तसं.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. वायपर चालू राहिले.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले.

टोरबियोर्गने स्टिअरिंगवर बोटं आपटली. दोन हलकी, मग एक जोराची, मग एक हलकी. मास्तरांसारखीच. त्याच शाळेत शिकली होती ती.

"असं? असं म्हणालीस?"

"हो."

"सुवार्ता, ते असं आहे." तिने आपटलं. एक जोराची, तीन हलक्या. "ˈगामलेहेइमेन. वृद्धाश्रम. आपण काम करतो ते."

"तेच म्हणाले मी."

"तू म्हणालीस गामले ˈहेइमेन." तिचा आवाज खाली गेला. "जुनं घर."

वायपर दोनदा गेले-आले.

शनिवारचा फोन. मला वाटलं होतं मी हे बोलले:

*आस्लाक, सोमवारी दोन वाजता तुम्ही वृद्धाश्रमात या. तिथे तुमची वाट बघताहेत.*

*कोण वाट बघतंय?*

*सगळे.*

शनिवारचा तोच फोन. मास्तरांच्या कानात हे पडलं:

*आस्लाक, सोमवारी दोन वाजता तुम्ही जुन्या घरी या. तिथे तुमची वाट बघताहेत.*

*कोण वाट बघतंय?*

*सगळे.*

मला वाटलं लाइन गेली. "सगळे?" त्यांनी परत विचारलं. "सगळे," मी म्हणाले, कारण टोरबियोर्ग वाफल करणार होती, स्वयंपाकघरातल्या बायका झेंडा काढून ठेवणार होत्या, आणि खरंच सगळे वाट बघत होते. "शेवटी आला निरोप," ते म्हणाले. "आभारी आहे, सुवार्ता." आणि फोन ठेवला.

टोरबियोर्गने गाडी वळवली. बसच्या ड्रायव्हरला फोन लावला. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तो म्हणाला, हो, आस्लाक अकराच्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरला. दरीच्या टोकाला. हातात पिशवी होती. मी विचारलं कुठे, तर म्हणाला, घरी.

"आवाज आला होता," मी म्हणाले. "दोन वाजता आपल्या दारात त्यांचा आवाज आला. वार्डोगेर. म्हणजे ते येणार. जिवंत येणार. हो ना?"

"आजपर्यंत खोटा ठरलेला नाही," टोरबियोर्ग म्हणाली. पण वेग तिने वाढवला.

रस्ता संपला तिथे एक पायवाट वर जात होती. बर्फात एकाच माणसाचे बूट उमटलेले, प्रत्येक दोन पावलांच्या मध्ये काठीचं गोल भोक. पावलं वर जाणारी. परत येणारी नाहीत. मध्ये एका धोंड्यावर बर्फ दबलेला, बसून दम खाल्लेला. पुढे दुसरा धोंडा. मग तिसरा. मी चालता चालता प्रार्थना करत होते, आणि ती मराठीत होती, आणि तीही मला चुकल्यासारखी वाटत होती. जोर कुठे द्यायचा हेच कळेना.

पाऊण तासाने घर दिसलं. चार वाजायला आले होते, उजेड राखाडी झाला होता. धुराड्यातून धूर नाही. खिडकीत काही नाही. वर, घरामागच्या कड्यावर, वाऱ्याने साठवलेल्या बर्फाची एक जाड ओळ पुढे झुकली होती.

मेन

दार उघडं होतं.

मास्तर स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले होते. कोट, टोपी, गळ्यात मफलर. डोळे उघडे. मी पुढे धावले, तेवढ्यात ते बोटाने ओठ दाबून म्हणाले, "शूऽ."

मी गुडघ्यावर बसून नाडी धरली. हात गार, नाडी हळू, पण होती.

टेबलावर पाच कप होते. वेगवेगळ्या नक्ष्यांचे, एकाचा कान तुटलेला. पाचांतही कॉफी. त्यांच्या थर्मासमधली, काठोकाठ. चारांवर बर्फाची पातळ साय आलेली. मास्तरांचा तेवढा अर्धा प्यालेला.

"आस्लाक," टोरबियोर्ग म्हणाली, "चल. गाडी खाली आहे."

"आत्ता नाही. येतील इतक्यात. दोन वाजता पायरीवर आवाज आला. बूट आपटले. म्हणून तर ओतली."

"आम्हीच होतो ते. आमचा वार्डोगेर ऐकलास तू. बघ, आलो की नाही आम्ही?"

मास्तरांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, वर्गात हजेरी घेताना बघावं तसं.

"तुम्ही दोघी आहात," ते म्हणाले. "मी चार ऐकले. एक लहान होतं."

टोरबियोर्गने खिडकीतून वर बघितलं. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि चौकट तिने घट्ट धरली होती. "अंधार पडतोय. वरचा बर्फ कधी सुटेल सांगता येत नाही. हे तुला मी सांगायचं? तुला?"

"दहा मिनिटं," मास्तर म्हणाले. "फक्त दहा मिनिटं थांबा."

"दोन वाजून दोन तास झाले, आस्लाक."

"लांबून येताहेत."

टोरबियोर्ग माझ्याकडे वळली. "तू सांग त्याला. तू पाठवलंस, तूच परत आण."

मी नाडी सोडली नव्हती. मी म्हणाले, "मास्तर, माझी चूक झाली. फोनवर. मी जोर चुकीचा दिला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी? पोरांच्या चुका ऐकल्या. तू तोंड उघडलंस तेव्हाच कळलं. म्हटलं, हिने परत फाडला."

"मग आलात कशाला इथे?" मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही. "पडला असतात. मेला असतात वाटेत!"

"कोण म्हणतं चुकीच्या शब्दाला अर्थ नसतो? अर्थ होता. चांगला होता." ते पुढे वाकले. त्यांच्या तोंडाला कॉफीचा आणि थंडीचा वास येत होता. "निरोप येईल असं आई म्हणाली. तो कुणाच्या तोंडून येईल, त्याचा उच्चार बरोबर असेल की नाही, हे ती म्हणाली नव्हती."

बाहेर काहीतरी करकरलं. छप्पर असेल, किंवा वरचा बर्फ. टोरबियोर्ग म्हणाली, "सुवार्ता!"

मास्तरांनी हातमोजे काढले. "ये. शेवटचा धडा. चार टाळ्या."

"आस्लाक, खेळ नकोय आता," टोरबियोर्ग म्हणाली.

"खेळ नाही. ती बरोबर म्हणेल तर मी उठतो. चुकीचं म्हणाली तर बसतो. मी तिचंच ऐकतो, हे तूच सांगत फिरतेस ना गावभर?" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "तुकडे बघ आधी. गाम. याला एकट्याला काही अर्थ नाही. ले, म्हणजे हस. हेइ, म्हणजे हाक. आपण वाटेत कुणी भेटला की म्हणतो ना, हेइ. आणि मेन म्हणजे पण." ते हसले. "काही नाही, हस, हाक, पण. फाडला की एवढंच उरतं. ज्याला स्वतःचा अर्थ नाही त्याच्यावर सगळा भार टाकायचा, तेव्हा कुठे शब्द उभा राहतो. कळलं? आता म्हण. कुठे जायचं आपण?"

मी टेबलावर हात ठेवले. पाच कपांच्या मधे. माझ्या तोंडात दोन्ही शब्द होते. एकाच चवीचे, एकाच लांबीचे. एक म्हटला असता तर तो माणूस तिथेच बसला असता, पॉलिश केलेल्या बुटांत, ज्यांच्यासाठी कॉफी ओतली त्यांची वाट बघत. आणि मी त्यांना मारलं असं कुणीही म्हटलं नसतं. परक्या बाईचा उच्चार चुकला, एवढंच म्हटलं असतं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला आजही वाटतं, मी चुकावं म्हणून बघत होते.

मी नर्स होते. नाडी चालू होती.

टाळी. कप हलले, बर्फाची साय चारही कपांत तडकली. मग तीन हलक्या.

"ˈगामलेहेइमेन," मी म्हणाले.

मास्तर क्षणभर तसेच बसले. मग मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "पहिल्यांदाच अख्खा आला."

आणि उठले.

टोरबियोर्गने बचावपथकाला फोन करून सापडला म्हणून कळवलं. दार आम्ही ओढून घेतलं. किल्ली त्यांनी पायरीजवळच्या दगडाखाली ठेवली. त्यांना दोघींच्या मधे धरून आम्ही उतरायला लागलो. वीस पावलं गेलो असू. तिथे, आमच्या मागे, पायरीच्या दगडावर बूट आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग दुसरे बूट. मग तिसरे. मग हलके, भरभर, लहान मूल नुसती नक्कल म्हणून आपटतं तसे.

टोरबियोर्ग मोठ्याने बोलायला लागली. वाफल परत गरम करता येतील, जॅम घरचा आहे, सहा नंबरच्या खोलीतून समुद्र दिसतो. ती एकदाही थांबली नाही. मी मागे बघितलं नाही. मला हे लिहायला अकरा वर्षं लागली, पण मागे बघितलं नाही हे खरंच लिहायला हवं.

मास्तर तेवढे थांबले होते. वळले नाहीत. "दहा मिनिटं," ते म्हणाले. आमच्याशी नाही.

डिसेंबरात माझी परीक्षा झाली. परीक्षक बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे काम करता? मी सांगितलं. एका शब्दात. त्या म्हणाल्या, "तुमचे जोडशब्द फार सुंदर आहेत. कुणी शिकवले?" फेब्रुवारीत, सहा नंबरच्या खोलीत, झोपेतच मास्तर गेले. त्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनी कुणाचीच कॉफी आधी ओतली नाही. मी खोलीत आले की ते दचकायचे.

त्या सोमवारी आम्ही परत पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. पॅसेजमधले दिवे लागले होते. टोरबियोर्ग गाडी लावायला गेली. मी मास्तरांच्या मागे होते, पडले तर धरता यावं म्हणून दोन हात पुढे करून.

दार वाजलं. पायपुसण्यावर बूट आपटले, एकदा, दोनदा. काठी भिंतीला टेकली. मग खोकला: कोरडा, अर्धवट, शेवटी 'हं' करून थांबणारा.

सहा नंबरच्या खोलीत झाकलेला कप तसाच होता. या वेळी 'आला' असं कोणी म्हणालं नाही.